जमीन किती हलली, घर किती हललं?

भूकंप, ज्वालामुखी आणि भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे) या विषयावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (मनीषनगर): ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या आठव्या मजल्यावर पंखा आणि देवघरातली टांगलेली समई चांगली हलली. खाली पार्किंगमध्ये वॉचमनला मात्र काहीच कळलं नाही. भूकंपाचं केंद्र तेलंगणात होतं म्हणे. मग आम्हाला भास झाला का?

उत्तर: भास नाही. त्या दिवशी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र नागपूरपासून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आणि खोली सुमारे ४० किलोमीटर. गडचिरोली, चंद्रपूरला तो जास्त जाणवला, नागपुरात वरच्या मजल्यांवर.

भूकंपातून बारीक थरथर आणि संथ झोके अशा दोन्ही तऱ्हांच्या लाटा निघतात. बारीक थरथर वाटेतल्या खडकात लवकर जिरते. सव्वातीनशे किलोमीटरवर पोचतात ते मुख्यतः संथ झोके. आता प्रत्येक इमारतीचा स्वतःचा एक झोका असतो. भूकंपाचा जोर धरून इमारती आखण्याच्या भारतीय मानक १८९३ मधलं साधं सूत्र लावलं, तर २४ मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण आठ मजली काँक्रीटच्या सांगाड्याचा झोका सुमारे ०.८ सेकंदाचा येतो. एकमजली घराचा त्याच्या चौथाईच्या आत. लांबून आलेला संथ झोका उंच इमारतीच्या झोक्याशी जुळतो आणि वरच्या मजल्यावर वाढतो. वॉचमन जमिनीवर होता, त्याच्या पायाखाली हालचाल झाली ती मिलिमीटरच्याही आतली. दोघंही खरं सांगताहेत.

दुसरी गोष्ट खडकाची. दख्खनचं कवच जुनं, थंड आणि टणक आहे. अशा खडकात लाटा फारशा न विरता दूर जातात. त्यामुळे द्वीपकल्पात मध्यम भूकंपसुद्धा तीन-चार जिल्हे ओलांडून जाणवतो.

आणि तेलंगणातच का, तर प्राणहिता-गोदावरीचं खोरं ही जमिनीला फार पूर्वी, गोंडवन काळात पडलेली खचदरी आहे. चंद्रपूरपासून सिंगरेणीपर्यंतचा कोळसा याच खचलेल्या पट्ट्यात साचला. खोऱ्याच्या कडांचे प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा, आजही आहेत. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे तिबेटला रेटतोय, त्या रेट्याचा ताण आतल्या या जुन्या भेगांवर येतो आणि एखादी कधीतरी थोडी सरकते. याच पट्ट्यात भद्राचलमजवळ १९६९ च्या एप्रिलमध्येही ५.७ चा भूकंप झाला होता.

प्रश्न (धरमपेठ): सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स काळ्या दगडाच्या आहेत. हे जुने ज्वालामुखी आहेत का? पुन्हा जागे होऊ शकतात का?

उत्तर: दगड ज्वालामुखीचा, टेकडी ज्वालामुखी नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा थरांमागून थर पसरला. आज उरलेला पसारा पाच लाख चौरस किलोमीटर आहे. महाबळेश्वरकडे थरांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. नागपूर या पसाऱ्याच्या पूर्वेच्या काठावर असल्याने इथे ती अगदी कमी उरली आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा काळा दगड, पूर्वेला लाव्ह्याहून कितीतरी जुने नाइस आणि शिस्ट हे खडक, आणि कामठीकडे गोंडवन काळातला वालुकाश्म व कोळसा, असे तीन वेगळे खडक एकाच शहराच्या पायाखाली भेटतात. सीताबर्डीची टेकडी म्हणजे आजूबाजूचा बेसाल्ट झिजून गेल्यावर उरलेला तुकडा. तिला मुख नाही, नळी नाही.

टाकळीच्या भागात दोन लाव्हाथरांच्या मध्ये तळ्यातल्या गाळाचा पातळ थर सापडतो, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म आहेत. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. गोगलगायी नांदतील इतकं पाणी आणि इतका काळ दोन उद्रेकांच्या मध्ये मिळाला होता, हे त्यावरून कळतं. लाव्हा एका दमात आला नाही.

पुन्हा जागं व्हायचं म्हटलं तर खाली उष्णतेचा स्रोत हवा. दख्खनच्या लाव्ह्याचा स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं मानलं जातं. भारतीय भूपट्ट त्याच्यावरून सरकून उत्तरेला निघून आला. भारतात आज जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन बेटावरचा. तिथे समुद्रतळ दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो, सोबत पाणी नेतो, पाण्यामुळे वरचा तप्त खडक कमी तापमानाला वितळतो. हिमालयात धडक दोन खंडांची आहे. हलकं खंडीय कवच तसं खोल शिरत नाही, म्हणून तिथे मोठे भूकंप होतात पण ज्वालामुखी नाहीत.

लोणारबद्दलही तिघांनी विचारलं आहे. ते अशनीच्या आघातानं झालेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टमध्ये खणलेलं. सालबर्डी आणि उनकेश्वरचे गरम झरेही ज्वालामुखीचे नव्हेत. पाणी भेगांतून खोल उतरतं आणि तापून वर येतं, कारण जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतंच.

प्रश्न (उमरेड): आमच्याकडे दुपारी घर हादरतं, खिडक्यांची तावदानं वाजतात. काही जण भूकंप म्हणतात, काही खाणीतला बार. ओळखायचं कसं?

उत्तर: घड्याळ पाहा. उघड्या खाणीतले बार दिवसाउजेडी आणि बहुधा ठरलेल्या वेळेला उडतात. आठ-दहा दिवस तारीख, वेळ आणि काय वाजलं एवढंच वहीत लिहा. नोंदी एकाच तासात गोळा झाल्या तर तो भूकंप नाही. दुसरी खूण म्हणजे हवेचा दणका. बारात तावदानं जोरात वाजतात पण पलंग, भिंत फारशी हलत नाही, कारण धक्का जमिनीपेक्षा हवेतून जास्त येतो. भूकंपात उलट, आधी पायाखालून घरघर आणि मग आडवा झोका. तिसरी खूण पसाऱ्याची. बार पाच-सात किलोमीटरपलीकडे सहसा कळत नाही. भिवापूरच्या नातेवाइकांनाही त्याच मिनिटाला कळलं असेल तर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत नोंद शोधा.

बारानं घराला तडा गेला अशी तक्रार असेल तर "घर हललं" एवढ्यावर भागत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयानं खाणीच्या मालकीबाहेरच्या घरांसाठी कंपनवेगाची मर्यादा ठरवली आहे: कंपनसंख्या ८ हर्ट्‌झच्या आत असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्‌झमध्ये १० आणि २५ च्या वर १५ मिलिमीटर. म्हणून अर्जात तुमच्या घराजवळ कंपनमापक लावून मोजणी करा अशी मागणी करा, आणि बार किती अंतरावर, एका वेळी किती स्फोटकांचा उडतो तेही विचारा. माणसाला यापेक्षा कितीतरी कमी कंपन जाणवतं. घाबरलो म्हणजे घराचं नुकसान झालंच, असं समीकरण मोजणीत टिकत नाही.

प्रश्न (बेसा): तळमजला अधिक एक असं घर बांधतो आहे. ठेकेदार म्हणतो नागपूर सेफ झोनमध्ये आहे, भूकंपाचं काही करायची गरज नाही. खरं का?

उत्तर: मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे नागपूर क्षेत्र २ मध्ये येतं, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. 'सेफ झोन' असा प्रकार त्या नकाशात नाही. पूर्वी नकाशात याहूनही कमी धोक्याचं क्षेत्र १ होतं. त्यात किल्लारीही होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा भूकंप झाला, साडेनऊ हजारांहून जास्त माणसं गेली. पुढे २००२ मध्ये क्षेत्र १ नकाशातूनच काढलं आणि किल्लारीचा भाग क्षेत्र ३ मध्ये गेला. इतकी माणसं जाण्याचं एक कारण म्हणजे भूकंप उथळ होता. दुसरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माथ्यावर टनावारी मातीचं माळवद.

क्षेत्र २ साठी साध्या सांगाड्याच्या छोट्या घराचा हिशेब केला, तर घराच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के एवढा आडवा जोर धरावा लागतो. हा जोर पेलायला वेगळा मोठा खर्च नाही. खर्च वाचवायच्या नादात जे गाळलं जातं, ते न गाळणं एवढंच आहे.

कॉलमपासून बघा. आपल्याकडे ९ बाय १२ इंची कॉलममध्ये १२ मिमीच्या चार सळया टाकायची सर्रास पद्धत आहे. चार सळयांचं क्षेत्रफळ ४५२ चौरस मिमी भरतं आणि ०.८ टक्क्याच्या नियमानं लागतात ५५२. सहा सळया टाका, किंवा १६ मिमीच्या चार. नेमकं किती हे अभियंत्याच्या नकाशात असतं, पण चार-बाराचा कॉलम दिसला की थांबून विचारायला हरकत नाही.

रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या कड्या. खरा भूकंप इथे जिंकतो किंवा हरतो. रिंगेचं टोक ९० अंशात वाकवून सोडलं, तर कॉलमवरचं आवरण फुटल्याबरोबर रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशात, म्हणजे कॉलमच्या पोटात वळलेलं हवं आणि वळणाच्या पुढे किमान ६५ मिमी सरळ. बार बेंडर कुरकुर करेल, कारण असं वाकवायला रिंगेमागे थोडा वेळ जास्त जातो. बीमच्या वर आणि खाली दीड-दीड फुटात (४५० मिमी) दोन रिंगांत ४ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, मधल्या भागात ६ इंच चालतील. भूकंपासाठी सळया-रिंगा कशा घालायच्या हे सांगणारं मानक १३९२० क्षेत्र २ मध्ये सक्तीचं नाही. तरी करून घ्या. त्यातला काटेकोर नियम अरुंद कॉलमला याहूनही जवळ रिंगा मागतो, ४ इंच ही आपली व्यवहारातली तडजोड.

बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा घालायच्या राहून जातात, कारण सेंट्रिंग लागल्यावर तिथे हात जात नाही. बीमचं लोखंड बसवतानाच त्या ओवून घ्याव्या लागतात. स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी हा सांधा टॉर्च घेऊन स्वतः पाहा.

काँक्रीटमध्ये पाणी. एम २० दर्जाच्या काँक्रीटच्या १:१.५:३ (सिमेंट, रेती, खडी) मिश्रणाला ५० किलोच्या एका पोत्यामागे ३० लिटरच्या वर पाणी नको, आणि ओल्या रेतीतलं पाणीही त्यातच धरायचं. काँक्रीट 'सरकत नाही' म्हणून मजूर मधूनच बादली ओततात; तेवढ्यानं कॉलमची ताकद खाली येते आणि ती नंतर कशानंही परत मिळत नाही. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात किमान १० दिवस, मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस पाणी मारा. कॉलमला बारदाना गुंडाळा, नाहीतर पाणी मारल्यावर पंधरा मिनिटांत तो कोरडा.

भिंतीवर पेललेलं घर असेल, म्हणजे कॉलम नाहीत, तर लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला. जाडी किमान ७५ मिमी, दोन सळया, दर १५० मिमीला ६ मिमीची आडवी कडी. कोपऱ्यात सळई तोडून सोडली तर पट्टा घालून न घातल्यासारखा.

प्रश्न (नरेंद्रनगर): आमच्या फ्लॅट स्कीमला खाली पूर्ण पार्किंग आहे. धोका आहे का? आता काही करता येतं का?

उत्तर: वर विटांच्या भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते कॉलम, म्हणजे काठ्यांवर ठेवलेली संदूक. आडवा जोर आला की सगळी हालचाल पार्किंगच्या एकाच मजल्यात होते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या, आणि त्यांच्याखाली नदीचा गाळ होता हेही खरं. नागपुरात तेवढा जोर येण्याची शक्यता कमी आहे, पण नाग आणि पिवळ्या नदीच्या काठच्या गाळावरची इमारत आणि पश्चिमेकडे मुरुमावर टेकलेली इमारत यांना एका मापानं मोजू नका.

आधी जे फुकट आहे ते करा. पार्किंगमधल्या कॉलमवर पाइपसाठी छिन्नी मारू देऊ नका, गाड्यांनी टवका उडवून लोखंड उघडं पडलं असेल तर गंज वाढण्याआधी दुरुस्त करा. त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी. तो दोन उपाय सुचवेल. एक, ज्या गाळ्यांत गाडी लागत नाही तिथे दोन्ही दिशांना, समोरासमोर काँक्रीटच्या भिंती. सगळ्या एकाच बाजूला घातल्या तर इमारत पिळवटते आणि दुखणं वाढतं. दोन, कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया, रिंगा आणि काँक्रीट. त्याची जाडी चारही बाजूंनी किमान १०० मिमी हवी. बाजारात २ इंचांचं जॅकेट स्वस्तात करून देणारे भेटतात, त्यात काँक्रीट सळयांच्या मागे पोचतच नाही. जॅकेट पायापासून उचललेलं हवं. पेव्हर ब्लॉकपासून वर केलेलं म्हणजे सजावट.

प्रश्न (हुडकेश्वर): भिंतींना दरवर्षी तिरप्या भेगा पडतात. लहान भूकंप होत असतील का?

उत्तर: भूकंप नव्हे, हे तुमच्या काळ्या मातीचं काम आहे. बेसाल्ट कुजून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. भेग मेमध्ये रुंद आणि ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी दिसली, तर भूकंपाचा विषयच संपला. खात्री करायची तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ आणि तारीख टाका, भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावा. पट्टी कोणत्या महिन्यात तडकते ते वर्षभर बघा. सिमेंट भरून वरून रंग देण्यात दरवर्षी पैसे जातात, कारण दोष पायात आहे: पाया मुरुमापर्यंत गेलेला नाही किंवा घराच्या कडेनं सांडपाणी मुरतं आहे. घराभोवती पाणी बाहेर जाईल अशा उताराची पक्की पट्टी आधी करा, झाडं भिंतीपासून लांब ठेवा.

प्रश्न (महाल): भूकंप आला तर बाहेर पळायचं की टेबलाखाली बसायचं? आमचा वाडा जुना, विटा-लाकडाचा, वर कवेलू.

उत्तर: काँक्रीटच्या इमारतीत पळू नका. जिन्यात आणि दारात माणसं जास्त जखमी होतात. टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. वाड्यात हिशेब वेगळा. तळमजल्यावर, दारापासून चार-पाच पावलांवर असाल आणि पुढे मोकळं अंगण असेल तर पहिल्या क्षणीच अंगणात या. दार गल्लीत उघडत असेल तर मात्र आतच मजबूत लाकडी पलंगाखाली जा, कारण कवेलू, सज्जाचा कठडा आणि गच्चीच्या कडेची विटांची बुटकी भिंत आधी गल्लीतच पडते.

नागपुरात आणखी एक चीज लटकलेली असते, कूलर. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला, ७०-८० लिटर पाणी भरलेला, म्हणजे पाण्याचंच वजन ७०-८० किलो. स्टँडचे खिळे कपच्या उडालेल्या प्लास्टरमध्ये असतात. उन्हाळ्यापूर्वी गवताच्या ताट्या बदलता तेव्हाच स्टँडचा गंज पाहा आणि तो विटेत खोल गेलेल्या अँकर बोल्टनं पक्का करा. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरल्यावर टनभर होते. ती विटांच्या सैल खांबांवर ठेवू नका. हादरा थांबल्यावर आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, मग मेन स्विच. लिफ्ट वापरू नका.

प्रश्न (गोधनी): "पुढच्या ४८ तासांत मोठा भूकंप" असा मेसेज फिरला होता. शास्त्रज्ञांना आधी कळतं का?

उत्तर: नाही. तारीख सांगणारा प्रत्येक मेसेज खोटा. भूकंप सुरू झाल्यावर काही सेकंदांची पूर्वसूचना मात्र शक्य असते. पहिली पी लाट कवचात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, नुकसान करणारी एस लाट साडेतीन. दोन्हींतलं अंतर सेकंदांत मोजून ८ नं गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर ते ढोबळ निघतं. २२ मे १९९७ ला पहाटे जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला. नागपूर तिथून २४० किलोमीटरवर, म्हणजे इथे दोन लाटांमध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर. जबलपूरकरांना तेवढा वेळ मिळणं शक्यच नव्हतं. केंद्राच्या डोक्यावर असलेल्यांना पूर्वसूचना जवळजवळ उपयोगाची नसते.

प्रश्न (सदर, शाळकरी वाचक): भारत सरकतो तर झिरो माइलचा दगडही सरकतो का?

उत्तर: सरकतो, अख्ख्या नागपूरसकट. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. तिथला सर्वेक्षणाचा खांब १९०७ चा आहे, म्हणजे तेव्हापासून तो जवळपास ६ मीटर पुढे आला. शेजारचे रस्ते-इमारतीही तेवढ्याच सरकल्या म्हणून कळत नाही. उपग्रहावरून मोजलेल्या अक्षांश-रेखांशात हा फरक दिसतो, त्यामुळे अचूक मोजणीत ती कोणत्या वर्षाची हे लिहावंच लागतं.

प्रश्न (प्रतापनगर): घराच्या विम्यात भूकंप धरलेला असतो का?

उत्तर: एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत भूकंप मूळ संरक्षणातच आहे, आणि गंमत म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेकही. विमा रक्कम ठरवताना चटई क्षेत्राला बांधकामाच्या दरानं गुणा. जागेची किंमत त्यात धरू नका, प्रीमियम वाया जातो. घरातलं सामान इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, आपोआप धरलं जातं. मात्र नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्यातून पडलेल्या भेगा यात येत नाहीत. म्हणून भिंती, कॉलम आणि गच्चीचे तारखेसह फोटो आजच काढून घराबाहेर कुठेतरी, मेलवर किंवा नातेवाइकाकडे, जपून ठेवा. दावा करताना जुनी भेग कोणती आणि नवी कोणती यावरच सर्वेअर अडतो.